ओली झडप

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. थोरल्या दिरानं नाही, जावेनं नाही, नणंदेनं नाही, आणि ज्याच्याशी लग्न करून मी त्या घरात आले त्यानं तर नाहीच. सासू मेली ती माझ्यामुळे. मी तिच्या खिडकीच्या झडपेला बाहेरून कडी लावली म्हणून ती गुदमरून गेली. असं सगळ्यांचं ठरून गेलं आणि मला विचारायची कुणाला गरजसुद्धा वाटली नाही. माझ्या बाजूनं बोलू शकेल असं माणूस एकच होतं, आणि तेच मेलेलं.

हल्ली रात्री लाईट गेली की शेजारच्या दोन-तीन पोरी माझ्या दारात येऊन बसतात. म्हणतात, मावशी, ती झडपेची गोष्ट सांगा ना. मी सांगते. त्यांना अंगावर काटा हवा असतो, मला दुसरंच काही हवं असतं. परवा त्यातली एक म्हणाली, "मावशी, लिहून ठेवा. नाहीतर तुमच्यामागं कुणी भलतंच सांगेल." ते मला पटलं. भलतं सांगणारे अजून धडधाकट आहेत.

तर ऐका.

आमचं घर दुमजली होतं, अरुंद आणि लांब. खाली स्वयंपाकघर आणि थोरल्या दिराची खोली. वर दोनच खोल्या, एक आमची, एक सासूबाईंची, आणि दोन्हींच्या मागून गेलेली सलग लाकडी गॅलरी. सासूबाईंच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या गॅलरीत उघडायची. तिला काच नाही, गज नाहीत. दोन फळ्यांची जुनी लाकडी झडप, आडव्या तिरक्या पट्ट्यांची. झडप मिटली तरी पट्ट्यांमधून वारा आत यायचा. सासूबाईंना दमा. रात्री-अपरात्री उठून त्या खिडकीशी बसायच्या, एका बोटानं झडप लोटायच्या आणि हवा प्यायच्या. प्यायच्या असंच म्हणायला हवं, तहानलेलं माणूस पितं तशी.

बाई गोड नव्हत्या. आमचं सकाळच्या चहाला सुरू व्हायचं ते दिवे मालवले की संपायचं. त्या मला वकीलीण म्हणायच्या.

"वकीलीणबाई, ह्या दुधात पाणी घातलंय की पाण्यात दूध दाखवलंय?"

"आई, तुमचा निकाल आधीच लागलेला असतो. मी कशाला तोंड वाजवू?"

"वाजव, वाजव. तेवढंच मला कळतं की घरात कुणी जिवंत आहे."

पण जे काय ते तोंडावर. पाठीमागं त्यांनी माझी कागाळी कुणाकडं केली नाही आणि मी त्यांची केली नाही. त्या घरात एवढं दुसऱ्या कुणालाही जमलं नव्हतं.

थोरल्या मुलाला त्या इंजिनियर म्हणायच्या. होता एका कचेरीत कारकून, पण घरातलं काहीही मोडलं की हत्यारांची पेटी घेऊन पुढं. त्यानं नळ दुरुस्त केला तेव्हापासून नळ रात्रभर शिट्टी वाजवायचा. त्यानं पंखा खोलून जोडला, तर एक स्क्रू उरला. तो त्यानं खिशात घातला आणि म्हणाला, कंपनी जास्तच देते. "इंजिनियरनं हात लावला ना," सासूबाई म्हणायच्या, "मग आता नवीन आणा." आणि माझ्या नवऱ्याला त्या धाकट्या म्हणायच्या. बस, एवढंच. नाव ठेवायला त्याच्यात काही सापडलंच नसावं.

त्या वर्षी उन्हाळ्यात धुळीचे वारे सुटले. झडपेच्या पट्ट्या कुजून तुटल्या होत्या, सासूबाईंच्या अंथरुणावर रोज धूळ. मी म्हणाले सुतार बोलवा. इंजिनियरला ते लागलं.

"सुतार काय आकाशातून पडतो? रविवारी मी करतो."

केलं त्यानं. मोडक्या पट्ट्या बदलायच्या सोडून सगळ्याच पट्ट्या उपटल्या आणि दोन्ही फळ्यांत सबंध प्लायवूड बसवलं. मागं सरकून बघितलं आणि म्हणाला, "आता धुळीचा कण आत येणार नाही."

"आणि वारा?" सासूबाईंनी विचारलं.

"वारा हवा तर झडप उघडायची, आई. झडप असते कशाला?"

रंगाचं काम धाकट्याला दिलं. हिरवा ऑइलपेंट, आतून-बाहेरून, चौकटीलासुद्धा. आता ऑइलपेंटचं एक आहे. तो ओला असताना झडप मिटली तर वाळताना फळी चौकटीला चिकटते. डिंकानं चिकटवल्यासारखी. मग जोर लावूनही निघत नाही, सांध्यातून पातं फिरवावं लागतं. हे इंजिनियरला ठाऊक होतं. जन्मात एक गोष्ट त्यानं बरोबर केली. दोन्ही फळ्या किलकिल्या ठेवून सांध्यात पुठ्ठ्याच्या घड्या खोचल्या आणि सगळ्यांना बजावलं, उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

संध्याकाळी मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेले. पुठ्ठे जागच्या जागी होते. हे मी आजही कुणाच्याही डोळ्यांत बघून सांगेन. फटीतून सासूबाई दिसत होत्या, पदर नाकाला लावून बसलेल्या.

"वकीलीणबाई, हा वास माझा जीव घेणार बघ."

"आई, आज आमच्या खोलीत झोपा."

"नको. तुझ्या घोरण्यापेक्षा रंग बरा."

आमचं शेवटचं बोलणं ते.

रात्री वारा सुटला आणि नंतर पडला. मध्येच मला जाग आली. गॅलरीच्या बाजूनं आवाज येत होता. थप… थप… हातानं लाकडावर मारल्यासारखा. मी उठून बसले. माझ्या आधी नवरा उठलेला होता.

"मी बघतो," म्हणाला. गेला. बऱ्याच वेळानं परत आला.

"काय होतं?"

"वारा आहे. झोप."

मी झोपले. नवऱ्यानं सांगितल्यावर बायको झोपते, त्यात काय विशेष.

सकाळी सासूबाईंनी दार उघडलं नाही. आतून कडी होती. नवरा एकटाच गॅलरीत गेला, बऱ्याच वेळानं खिडकीवाटे आत उतरला आणि त्यानं आम्हांला दार उघडलं. त्या खिडकीखाली बसलेल्या होत्या. पाठ भिंतीला, तोंड उघडं, एक हात वर झडपेकडं. खोलीत रंगाचा असा वास की माझे डोळे चुरचुरले.

"झडप कशी होती?" इंजिनियरनं विचारलं.

"बंद होती," नवरा म्हणाला.

"बंद कशी? मी पुठ्ठे घातले होते. पुठ्ठे आपोआप निघतात? कुणीतरी काढले आणि बाहेरून कडी लावली." मग तो वळला. "काल संध्याकाळी गॅलरीत कोण गेलं होतं?"

झालं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी ओरडून सांगितलं की मी कशाला हात लावला नाही. मी इंजिनियरला म्हणाले, तुम्ही पट्ट्या काढून खोलीचं खोकं केलंत, त्यानं गेल्या त्या. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "दिवसभर त्यांच्याशी भांडायचं कोण? आम्ही?" मी नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. मला वाटलं, ह्यालाही खरं वाटतंय.

त्यानंतर माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना अजून माझ्या कानशिलात ठोके पडतात. चुलीपुढून मला उठवलं. मी केलेला चहा जाऊबाई माझ्यासमोर मोरीत ओतायच्या. गल्लीतल्या बायका मला बघून बोलणं थांबवायच्या आणि मी पुढं गेले की परत सुरू करायच्या. हे मी सोसलं असतं. पण माझी मुलगी तिसरीत होती. एक दिवस शाळेतून आली, दप्तर न काढता समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू आजीला कोंडलंस?"

मी म्हणाले नाही.

"मग कुणी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि त्या दिवसापासून ती माझ्या कुशीत झोपेना.

थंडीच्या तोंडावर नणंदबाईंचा निरोप आला. मुलीला आमच्याकडं पाठवा. असल्या बाईच्या हाताखाली पोर वाढायला नको. मी नवऱ्याला म्हणाले, "तुमची पोर आहे. तोंडातून शब्द काढा."

"ताईकडची शाळा चांगली आहे," तो म्हणाला.

नणंदबाई शनिवारी संध्याकाळी आल्या. रविवारी सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन जाणार होत्या. पोरीचे कपडे जाऊबाईंनी भरले. मला हात लावू दिला नाही. पोर जेवून खालीच जाऊबाईंच्या खोलीत झोपली. मी जिन्यात बसून राहिले. ती शनिवारची रात्र. अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती, साधा शनिवार. शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. वारा इतका पडलेला की गॅलरीतल्या दोरीवरचा टॉवेल हलत नव्हता. हे ध्यानात ठेवा.

नणंदबाईंचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत घातलं होतं. जरा वेळानं वरून हाक आली.

"अरे दादा, ही झडप उघडत नाही. जीव घाबरा होतोय माझा इथं."

सासूबाई गेल्या त्या दिवसानंतर ती झडप रोज उघडत होती, मिटत होती. जाऊबाई सकाळीच ती उघडून खोली झाडून आल्या होत्या. इंजिनियर पेटी घेऊन वर गेला. मीही मागोमाग गेले, कारण मला खाली कुणी बस म्हणालं नव्हतं.

इंजिनियर गॅलरीत गेला आणि बाहेरून झडपेला भिडला. गॅलरीतला दिवा गेलेला, म्हणून जाऊबाई मोबाईलची बॅटरी धरून उभ्या. मी कठड्याशी. आमच्या खोलीच्या दारात नवरा येऊन उभा राहिला. बाहेर आला नाही, उंबऱ्यातच.

"लाकूड फुगलंय," इंजिनियर म्हणाला.

"थंडीत फुगतं का हो लाकूड?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

त्यानं सांध्यात पेचकस घातला. ओढलं. फळी जागची हलेना. परत ओढलं.

"ताई, मी ओढतो, तू आतून ढकल."

त्यानं ओढलं. आतून ढकललं गेलं. फळी कुरकुरली.

"हां, अशीच. अजून जोर लाव, ताई."

आतून जोर लागला.

"हां… अजून…"

"कुणाशी बोलतोयस?" नणंदबाई म्हणाल्या.

त्या त्याच्या मागं उभ्या होत्या. गॅलरीत. माझ्या शेजारी. आत कोंडल्यासारखं झालं म्हणून कधीच्या बाहेर आलेल्या, अंधारात आमचं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

इंजिनियरच्या हातातून पेचकस पडला. तो गॅलरीच्या फळ्यांवरून घरंगळत गेला आणि कठड्याखालून खाली अंगणात पडला. त्याचा आवाज आला.

जाऊबाईंनी बॅटरी एकेकाच्या तोंडावर फिरवली. दीर. नणंद. मी. उंबऱ्यातला नवरा. पोर खाली झोपलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

थप…

आतून.

थप… थप…

तोच आवाज. उघड्या तळव्याचा. जोर नसलेल्या हाताचा.

"आई?" नणंदबाई म्हणाल्या. अगदी हळू.

आवाज थांबला. आणि वास आला. ओल्या रंगाचा. इतके महिने वाळून कडकडीत झालेल्या झडपेतून, कालच दिल्यासारखा. माझे डोळे चुरचुरले. नणंदबाईंनी पदर नाकाला लावला.

मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण माझी पोर सकाळच्या गाडीनं जाणार होती. ह्याहून वाईट माझं कुणी काय करणार होतं, जिवंत काय आणि मेलेलं काय. मी पुढं झाले. जावेला म्हणाले, बॅटरी नीट धरा. आणि उजवा हात उघडा करून झडपेवर ठेवला.

"आई," मी म्हणाले, "मी लावली असेल तर आत्ता सांगा. सगळ्यांसमोर."

लाकूड गार होतं. रंग कोरडा. गुळगुळीत, वाळलेला. मी हात काढून जावेसमोर धरला. काही नव्हतं.

"आता तुम्ही, भाऊजी."

"हा काय तमाशा लावलाय," इंजिनियर म्हणाला.

"प्लायवूड तुम्ही ठोकलंत. ठेवा हात."

त्यानं ठेवला. टोकाच्या बोटांनी, तापलेल्या तव्याला लावावा तसा. मग पूर्ण. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हात काढला. कोरडा. मला खरं सांगायचं तर तेव्हा धक्का बसला. इतके महिने मी मनातल्या मनात त्याला फासावर देत होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मी पुठ्ठे घातले होते."

थप…

सगळे मागं सरकले.

उंबऱ्यातून आवाज आला. "आत चला सगळे. काही नाही ते. वारा आहे."

वारा आहे.

त्याच शब्दांत. त्याच आवाजात.

मी दोरीवरच्या टॉवेलकडं बघितलं. लोंबत होता, सरळ. त्या रात्रीसुद्धा वारा पडला होता. आणि घट्ट मिटलेली झडप वाऱ्यानं थपथपत नाही. ती आतूनच वाजते. हे मला इतके महिने सुचलं नव्हतं. कारण सांगणारा माझा नवरा होता.

"इकडं या," मी म्हणाले.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"या इकडं."

"ताई, हिला सांग काहीतरी…"

नणंदबाई एक पाऊल बाजूला सरकल्या. जावेनं बॅटरी त्याच्यावर धरली. तो उंबऱ्यातून हलेना. मी गेले आणि मनगट धरलं त्याचं. ओढत आणला. मोठा माणूस, पण हलका लागला, आतून पोकळ असल्यासारखा. त्यानं मूठ घट्ट मिटली होती. मी ती बोट बोट करून उघडली. आणि तळवा झडपेवर टेकवला.

मी दाबला नाही. आत गेला तो.

रंगात. पिठाच्या गोळ्यात जावा तसा. बोटांच्या कडांनी हिरवा वर आला… बॅटरीत चमकला… ओला. गच्च ओला.

"सोड," तो म्हणाला.

मी केव्हाच सोडलं होतं.

त्यानं हात ओढला. निघाला नाही. दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं. नाही.

"दादा… दादा, निघत नाही…"

कुणी पुढं झालं नाही.

"आतून… आतून कुणीतरी… हात…"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो ऐकत होता. आम्हांला काही ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं. त्याची मान हळूहळू खाली गेली.

"हो," तो झडपेला म्हणाला. "हो. मीच."

मग सगळं बाहेर पडलं. एका दमात नाही. तुकडे, तुकडे.

"धूळ बसत होती रंगावर… दादा बोलला असता… म्हणून तू झोपल्यावर पुठ्ठे काढले… दाबून मिटली… सांध्यावरून परत ब्रश मारला… रात्री तू हाका मारत होतीस… मी आलो होतो ना… ओढून बघितलं मी… चिकटलेली… पातं फिरवलं ते सकाळी… रात्री वाटलं, जोरानं ओढलं तर रंग सोलून निघेल… दादा ओरडेल… मला वाटलं, दार आहे की तुला… मला वाटलं, नेहमीचंच आहे… थांबेल…"

त्यानं परत एकदा हात ओढून बघितला.

"थांबलीस तू… मग मी जाऊन झोपलो."

आणि हात सुटला. तो मागं पडला, कठड्याला आपटला आणि तिथंच बसला. झडप आपली आपण उघडली. हळूच, एका बोटानं लोटावी तशी. आत नणंदबाईंचं अंथरूण होतं, विस्कटलेलं नव्हतं. भिंतीवर बॅटरीचा उजेड. बाकी काही नाही.

त्या मला सोडवायला आल्या होत्या असं मी म्हणत नाही. त्या बाई कुणासाठी उठून आल्या नसत्या, मेल्यावर तर नाहीच. त्यांना ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, त्या ऐकून गेल्या.

आता खरी कडू गोष्ट ऐका. मला वाटलं, आता सगळे माझे पाय धरतील. माझा स्वभावच मूर्ख. नणंदबाई त्याच्यापाशी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"मुद्दाम थोडंच केलं त्यानं," त्या म्हणाल्या.

"घरातलं घरात राहू दे," जाऊबाई म्हणाल्या.

"पुठ्ठे मी घातले होते," इंजिनियर परत म्हणाला.

म्हणजे बघा. मी केलं असं वाटत होतं तोवर तो खून होता. त्यानं केलं म्हटल्यावर ती चूक झाली. बायकांच्या हातून खून होतात आणि मुलग्यांच्या हातून चुका. पोरीचे भरलेले कपडे नणंदबाईंनी स्वतःच उपसून परत ठेवले. पोर माझ्याकडं राहिली. तोंडातून मात्र माफीचा एक शब्द निघाला नाही, इतक्या महिन्यांचा एकसुद्धा. मी त्या आठवड्यातच पोरीला घेऊन ते घर सोडलं. नवरा आडवा आला नाही. आडवं येणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

ती झडप अजून तिथंच आहे. इंजिनियरनं पॉलिश पेपरनं घासली, वर रंगाचे हात दिले, एकावर एक. जाऊबाई बाजारात भेटतात तेव्हा इकडंतिकडं बघून सांगतात, वाळलं की परत वर येतं. काय येतं ते त्या बोलत नाहीत. मला माहीत आहे. मी ते सगळ्यांच्या आधी बघितलं, त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी उजाडताना, आणि माझ्या पोरीनं माझ्याबरोबर बघितलं. ती खालून उठून डोळे चोळत वर आली होती. मी तिला अडवलं नाही.

झडपेच्या बाहेरच्या अंगाला रंगात एक तळवा उमटला होता, खोल, बोटं ताठ. रंग कोरडा ठणठणीत. मी फळी वळवली. आतल्या अंगाला, बरोब्बर त्याच्या पाठीला, दुसरा तळवा. लहान. हडकुळा. बोटं फाकलेली. मध्ये फक्त प्लायवूड. दोन माणसांनी काचेवर समोरासमोर हात टेकावेत तसे ते दोन हात एकमेकांवर टेकलेले होते.

पोरीनं आतल्या तळव्यावर आपला हात ठेवून बघितला. जवळजवळ मावला.

"हा आजीचा," ती म्हणाली. मला विचारलं नाही, सांगितलं.

मग तिनं फळी फिरवली आणि बाहेरच्या तळव्यावर हात ठेवला. तिचा हात त्यात हरवून गेला.

"आणि हा?"

मागं दारात सगळे उभे होते. दीर, जाऊ, नणंद, आणि त्यांच्या आडून तो. कुणीतरी खाकरलं. नणंदबाई म्हणाल्या, "लहान आहे ती, तिला कशाला."

पोर माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी शाळेतून येऊन बघितलं होतं तशी. ह्या वेळी माझ्याकडं उत्तर होतं. इतके महिने मी ते नाव तोंडात येण्याची वाट बघत होते, आणि आलं तेव्हा ते मला तिलाच सांगावं लागलं.

मी म्हणाले, "बाबांचा."